अर्ध्या किमतीतला डॉक्टर

नीटचा निकाल लागला की पुण्याच्या खराडीत दोन धंद्यांना बरकत येते: रिपीटर बॅच चालवणारे क्लास आणि परदेशी शिक्षणाचे सल्लागार. २०२४ ला देशभरात २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. उरलेल्या वीस-बावीस लाखांतली काही घरं ईऑन आयटी पार्कच्या आसपासच्या टॉवरांत राहतात. हातात पैसा आहे, मेव्हणा न्यू जर्सीत आहे आणि मुलाच्या अंगावर पांढरा कोट चढलाच पाहिजे ही इच्छा निकालानंतरही जशीच्या तशी आहे. अशा घरांत सध्या फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, या कोर्सविषयी एक युक्तिवाद फिरतो आहे. एमबीबीएसला साडेपाच वर्षं, वर पीजीची तीन. पीए चार वर्षांत हातावेगळं होतं. काम डॉक्टरचंच असतं. इथे पदवी घ्यायची आणि मग अमेरिका आहेच, तिथे पीएला वर्षाला कोटभर रुपये पगार आहे.

मी फिजिशियन आहे आणि खराडीतच राहते, त्यामुळे हा युक्तिवाद मला लिफ्टमध्ये भेटतो, सोसायटीच्या मीटिंगनंतर भेटतो, चंदननगरच्या मंडईत कोथिंबीर निवडतानाही भेटतो. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर माहितीपत्रकच हातात ठेवलं. “डॉक्टर, जरा बघता का? पुढच्या आठवड्यात पैसे भरायचेत.” गुळगुळीत कागद, स्टेथोस्कोप लावलेली हसरी मुलगी, पाठीमागे कुठल्यातरी परदेशी शहराच्या इमारती. कोर्सला कोणतं हॉस्पिटल जोडलेलं आहे, हे आठ पानांत कुठेही नव्हतं. फी मात्र तीन ठिकाणी होती, तिन्ही ठिकाणी हप्त्यांसकट.

पीए या व्यवसायाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो ज्या शब्दांत विकला जातो त्याविषयी.

आधी अमेरिकेचं बघू, कारण भूल तिचीच पडते. पगाराचा आकडा खरा आहे. अमेरिकी सरकारच्या हिशेबात २०२३ ला तिथल्या पीएचं मधलं वार्षिक वेतन सुमारे १ लाख ३० हजार डॉलर होतं, म्हणजे कोटीच्या वरच. पण ते परवाना असलेल्या पीएचं. परवान्यासाठी ‘पान्से’ ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्या परीक्षेला बसायचं तर ‘एआरसी-पीए’ या संस्थेने मान्यता दिलेल्या प्रोग्रॅममधूनच शिकलेलं असावं लागतं, आणि ही संस्था मान्यता देते ती फक्त अमेरिकेतल्या प्रोग्रॅमना. तेव्हा पदवी चेन्नईची असो, मणिपालची असो की कोचीची, आणि कितीही चांगली असो, तिच्या जोरावर पान्सेचा अर्जही भरता येत नाही. गंमत म्हणजे इथला एमबीबीएस झालेला मुलगा यूएसएमएलई ही परीक्षा देऊन तिथल्या रेसिडेन्सीला अर्ज करू शकतो. म्हणजे लांबचा म्हणून जो रस्ता टाळायचा तो निदान तिथवर पोचतो, आणि जवळचा म्हणून जो घ्यायचा तो विमानतळावरच संपतो. हे सल्लागाराला माहीत नसेल तर त्याने दुकान बंद करावं. माहीत असून सांगत नसेल, तर तो काय करतोय ते मी लिहायला नको.

मग म्हणतात, इथली पदवी नुसती पाया म्हणून घ्यायची, खरं पीए स्कूल तिकडेच करायचं. बोलायला सोपं आहे. तिथला कोर्स पदव्युत्तर असतो, साधारण २७ महिन्यांचा. अर्ज ‘कॅस्पा’ या एकाच सामायिक यंत्रणेतून जातो, एप्रिलच्या अखेरीस ती नव्या वर्षासाठी उघडते. परदेशी गुणपत्रिकांचं आधी मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि आपल्याकडच्या पदवीला त्यांच्या चार वर्षांच्या पदवीइतकी मानायची की नाही, यावर मूल्यमापन करणाऱ्यांचंही एकमत नसतं. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय आधी झालेले लागतात, आणि बरेच प्रोग्रॅम ते अमेरिकी कॉलेजातच झालेले मागतात. कित्येक प्रोग्रॅम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. फी लाखभर डॉलरच्या घरात आणि तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. यातली एकही अट गुप्त नाही, प्रत्येक प्रोग्रॅम ती स्वतःच जाहीर करतो. वाचायला एक दुपार पुरते.

न्यू जर्सीतल्या मेव्हण्याच्या मुलीसाठी मात्र हा रस्ता खरा आहे. ती तिथेच वाढली, कॉलेजात असताना शनिवार-रविवार रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून राबली, नाहीतर एखाद्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांचे कपडे बदलत, त्यांना कुशीवर वळवत बसली. कॅस्पाच्या अर्जात रुग्णसेवेचे तास मोजून भरावे लागतात. कुठे पाचशे मागतात, कुठे हजार, कुठे त्याहून बरेच जास्त, आणि ज्यांना प्रवेश मिळतो त्यांचे तास किमान अटीच्या पुष्कळ वर असतात. ही अट कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेली नाही. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएचा पहिला वर्ग भरवला तो नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांचा. जखमा बांधणं, सलाईन लावणं, घाबरलेल्या माणसाला धरून ठेवणं हे त्यांना येतच होतं. त्याला शास्त्राची जोड द्यायची, एवढाच विचार होता. म्हणजे हा व्यवसाय जन्माला आला तोच आधी रुग्ण हाताळलेल्या माणसांसाठी. खराडीतल्या माहितीपत्रकात बारावीचे मार्क मागितलेले असतात, तासांचा उल्लेख नसतो.

आता भारत. इथे पीए अमेरिकेची नक्कल म्हणून आला असं समजणाऱ्यांनी चेन्नईकडे बघावं. डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये देशातली पहिली बायपास शस्त्रक्रिया केली, पुढे मद्रास मेडिकल मिशन उभं केलं आणि १९९२ मध्ये तिथेच पीएचं शिक्षण सुरू केलं. कारण अगदी व्यवहारी होतं. हृदयशस्त्रक्रियेचा सर्जन टेबलापाशी तासन्‌तास अडकलेला असतो. त्या वेळात वॉर्डमधल्या काल ऑपरेशन झालेल्या रुग्णाची नळी कोण बघणार, पोटॅशियम कमी आलं तर कोण कळवणार, आणि टेबलावरच पायातली शीर काढून द्यायला सरावलेला हात कुणाचा असणार? निवासी डॉक्टर येतात आणि दोन-तीन वर्षांनी जातात. त्याच युनिटमध्ये वर्षानुवर्षं टिकणारं, सर्जनची पद्धत पाठ असलेलं माणूस हवं होतं. तामिळनाडूच्या एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठात आज पीएची बी.एस्सी. आहे, मणिपालला आहे, अमृतामध्ये आहे.

“काम तेच, डॉक्टरचंच” हे यातून कुठे निघतं? भारतात पीएला स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. स्वतःच्या अधिकारात प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्या मुलाला घरी “तू डॉक्टरच होणार” असं सांगून कोर्सला घातलं, त्याला हे पहिल्याच वर्षी कळतं. मग उरलेली वर्षं तो कशाचा तरी सूड घेतल्यासारखा शिकतो. असा पीए रुग्णासमोर आपण डॉक्टर असल्याचं भासवतो, वर विचारायची लाज वाटते म्हणून विचारत नाही, आणि धोका तिथेच असतो.

मी डॉक्टर आहे म्हणून पोटात दुखतंय, असं इथे कुणी म्हणेल. तर माझ्याच पेशातल्या लोकांशीही माझं भांडण आहे. एमबीबीएसशिवाय कुणी रुग्णाला हात लावणं म्हणजे भोंदूगिरी, असं आमच्यातले बरेच जण मीटिंगांमधून ठणकावतात. खराडीवरून जाणारा हा नगर रोड तसाच पुढे धरला आणि नगरहून वळलं की जामखेड लागतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आलेले होते. चार बुकं शिकलेली बाई बाळाला इंजेक्शन देते आणि बाळं वाचतात, यावर आमच्या मंडळींकडे आजही धड उत्तर नाही.

पण ते का जमलं, तेही बघायला हवं. त्या बाईला काय करायचं ते ठरवून दिलेलं होतं, काय करायचं नाही तेही ठरलेलं होतं, आणि तिच्या वहीवर नजर टाकणारं कुणीतरी नियमित येत होतं. ती स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हती, गावही तिला डॉक्टर म्हणत नव्हतं. ही शिस्त काढून टाकली की उरते ती भोंदूगिरीच. म्हणूनच पीएला छोटा डॉक्टर म्हणून विकणारा सल्लागार आणि त्याला भोंदू ठरवणारा माझा सहकारी यांच्यापैकी जास्त नुकसान सल्लागार करतो. सहकारी निदान व्यवसायाला बाहेर ठेवतो, सल्लागार तो आतून पोखरतो.

इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे पीएंची भरती वाढवत नेली आणि त्यांनी कुठवर जायचं ही रेघ पुसट ठेवली. शेवटी सरकारला चौकशी नेमावी लागली. जुलै २०२५ मध्ये लेंग अहवाल आला आणि त्याने सुचवलं की निदान न झालेला रुग्ण पीएने पहिल्यांदा पाहू नये. व्यवसाय बंद करा असं त्यात नाही. रेघ ठळक करा, असं आहे.

आणि पुण्याचं काय? इथे एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. चेन्नईत जी जागा पीएला मिळाली ती पुण्यात आधीच भरलेली आहे. शहरातल्या लहान-मध्यम खासगी हॉस्पिटलांत रात्रपाळीचा निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पीएविरुद्ध भाषणं देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तर विशेषच, कारण त्यांतल्या काहींच्या हॉस्पिटलांत या आरएमओंच्या पगारपत्रकावर तेच सही करतात. २०२५ मध्ये होमिओपॅथ डॉक्टरांना एक वर्षाच्या सीसीएमपी कोर्सनंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत घ्यायचं की नाही यावरून केवढं रणकंदन झालं. नोंदणी सुरू व्हायची होती, थांबली, पुन्हा आदेश निघाला, सप्टेंबरात आयएमएने संप केला. या ओढाताणीत पीएचं नाव कुणी घेतलं नाही. पुण्यात पीएला काम मिळतं ते मोठ्या हॉस्पिटलांच्या हृदयशस्त्रक्रिया, कॅन्सर, अस्थिरोग अशा विभागांत, आणि तिथेही विभागप्रमुखाला पीए म्हणजे काय हे माहीत असेल तरच. नसेल, तर तोच मुलगा डिस्चार्जची कागदपत्रं टाइप करत बसतो.

तेव्हा तयारी करायची ती कशाची? माझ्या मते पहिली तयारी पुस्तकाची नाहीच. एखाद्या हॉस्पिटलच्या परवानगीने, कुणा काम करणाऱ्या पीएच्या मागे दोन दिवस फिरा. सकाळी अकराची वेळ बघा, बायपास होऊन आठवडा झालेला शिरूरकडचा शेतकरी घरी निघालेला असतो. पीए खुर्ची ओढून बसतो, गोळ्यांच्या पट्ट्या चादरीवर मांडतो, ही सकाळी, ही जेवणानंतर, ही मनाने बंद करायची नाही. बाबा मान डोलवतात. “आता तुम्ही सांगा बरं,” असं म्हणून पीए त्यांच्याकडूनच वदवून घेतो आणि कळतं की रक्त पातळ करणारी गोळी आणि पोटाची गोळी यांची अदलाबदल झालेली आहे. तोवर सून म्हणते, पायाची पट्टी जरा ओली लागतेय. पीए पट्टी सोडून बघतो, शीर काढलेल्या जागी कडा लाल आहे, हाताला गरम लागते आहे. तो स्वतः अँटिबायोटिक लिहीत नाही. सर्जनला फोन करतो, डिस्चार्ज थांबवतो, बाबांना सांगतो की आजची एसटी चुकली तर चुकू द्या. हे काम ज्याला आतून करावंसं वाटतं त्याने या कोर्सला जावं. ज्याचं लक्ष फोन उचलणाऱ्या सर्जनच्या खुर्चीकडे आहे त्याने नीट पुन्हा द्यावी, त्यात काही गैर नाही.

दुसरी तयारी कॉलेजला प्रश्न विचारायची. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत पीए आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला तो किमान ३,६०० तासांचं शिक्षण मागतो. २०२५ मध्ये केंद्राने ज्या व्यवसायांचे सामायिक अभ्यासक्रम जाहीर केले त्यात पीएही आहे. तेव्हा सरळ विचारा: हे तास कुठल्या वॉर्डात भरणार? इंटर्नशिप कुठे, आणि त्या हॉस्पिटलात आज एकतरी पीए नोकरीला आहे का? पदवी कुठल्या विद्यापीठाची, आणि अभ्यासक्रम केंद्राचा की तुमच्या मनाचा? मागच्या बॅचची मुलं आज काय करतात, त्यांच्यापैकी दोघांशी बोलायला मिळेल का? चांगलं कॉलेज या प्रश्नांनी खूश होतं. बाकीचे “सर नंतर फोन करतील” असं सांगतात.

तिसरी, ज्यांना खरोखरच कॅस्पापर्यंत जायचं आहे त्यांच्यासाठी. त्या अर्जात स्वतःविषयी ५,००० अक्षरांचं निवेदन लिहायचं असतं, रिकाम्या जागा धरून. ते विकत लिहून देणारे लोक आहेत आणि त्यांच्या निवेदनांत आजोबा नेहमी हॉस्पिटलातच वारलेले असतात. प्रवेश समितीने असे आजोबा हजारोंनी वाचलेले आहेत. ज्याने तास खरे भरलेत त्याला आजोबांची गरज पडत नाही. त्याच्याकडे एक विशिष्ट रात्र असते, एक विशिष्ट रुग्ण असतो, आणि त्या वेळी आपल्याला काय येत नव्हतं हेही त्याला आठवत असतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ लिफ्ट देत नाही. एवढंच म्हटलं की मुलीला कॉर्पोरेट हॉस्पिटल आणि सरकारी हॉस्पिटल, दोन्ही आतून दाखवा. आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स आहे, तोही बघा. सरकारी वैद्यकीय कॉलेजांत तो चालतो, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, रुग्णांची कमतरता नाही. पीए हाच कोर्स करायचा असेल तर दक्षिणेत जिथे तो रुजला आहे तिथल्या हॉस्पिटलशी जोडलेलं कॉलेज शोधा. आणि अमेरिका हा शब्द या हिशेबातून पूर्ण काढून टाकून मग आकडेमोड करा. त्या म्हणाल्या, “अहो, पण सीट जाईल हो. सोमवारपर्यंतच ठेवतो म्हणालेत.” मी म्हटलं, जाऊ द्या.